पोरसीआधीचं पाणी

विरतीने शेवटपर्यंत पाणी मागितलं नाही, असं माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगत. त्यांना ते मीच सांगितलं होतं.

विरती माझी धाकटी नणंद. सतरा वर्षांची. गेल्या पर्युषणात तिने अठ्ठाई केली. आठ दिवस अन्न नाही, उकळून गार केलेलं पाणी तेवढं, तेही दिवसाउजेडी. सातव्या सकाळी तिची शुद्ध गेली आणि आठव्या दिवशी, संवत्सरीच्या दुपारी, इस्पितळात ती गेली. गुजरातेतल्या पाटणच्या आमच्या पाड्यात, म्हणजे गल्लीत, असं कुणी पाहिलं नव्हतं. बायका आल्या त्या, रडायचं की हात जोडायचे हे न कळून दारातच थांबल्या. मग मम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, कोरड्या डोळ्यांनी मला विचारलं, "शुद्धीवर होती तोवर तूच होतीस जवळ. काही मागितलं का तिने?"

"नाही," मी म्हटलं. "नवकार म्हणत होती."

"पाणी?"

"नाही."

मम्मींनी डोळे मिटले. मागून कुणीतरी म्हणालं, पोरीने भव सुधारला. आमच्यात शेवटच्या घटकेला जीव कशात अडकला होता, त्यावर पुढची गती ठरते. पोर काही न मागता गेली, म्हणजे सुटून गेली. बायकांचे हात जोडले गेले ते तेव्हा. पुढे उपाश्रयाच्या, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या जागेच्या, दिवाणखान्यात तिचा फोटो लागला, त्याला चंदनाचा हार आला, आणि मम्मी जेवायला लागल्या. तोवर पाच दिवस त्यांनी ताटाकडे बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी भाकरीचा पहिला घास मोडला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. मला वाटलं, खोटं बोलले तेच बरं झालं.

माघात मला मुलगी झाली. कागदावर नाव मोठं आहे, पण मम्मी तिला ढिंगली म्हणतात, बाहुली. अंघोळ त्यांच्याच हातची, मालिश त्यांच्याच हातची. एकदा शेजारच्या हंसाकाकी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बघा मधुबेन, नाक अगदी विरतीचं. परत आली हो तुमच्याकडे."

"कशी येईल?" मम्मी तेल चोळत म्हणाल्या. "विरती गेली तेव्हा ही चार महिन्यांची पोटात होती. जीव केव्हाच येऊन बसलेला. काहीही बोलता."

"मी आपलं प्रेमाने म्हटलं."

"प्रेमाने म्हणा, पण डोकं जागेवर ठेवून म्हणा. आणि विरती इथे कशाला येईल, दुपटी ओली करायला? ती देवलोकात आहे."

हंसाकाकी हसल्या. मम्मीही हसल्या. मी दोरीवर दुपटी वाळत घालत होते, ती सगळी घालून झाली तरी तिथेच उभी राहिले.

घडलं होतं ते असं. गेल्या वर्षी मम्मी आठही दिवस पौषधात होत्या. म्हणजे घर सोडून उपाश्रयात साध्वींसारखं राहायचं, पंखा नाही, दिवा नाही, संसाराची गोष्ट नाही. माझा नवरा भाविक सुरतेला कापडाच्या बाजारात नोकरीला, तो सुट्टीला यायचा. सासरे लग्नाआधीच गेलेले. विरतीला माझ्या हवाली करून मम्मी गेल्या. विरतीने पहिल्याच दिवशी आठही उपवासांचं पच्चक्खाण, म्हणजे नियम, एकदम घेऊन टाकला. खरं तर रोज सकाळी त्या दिवसापुरता घेतला तरी चालतो. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "रोज रोज मागायला गेले ना भाभी, तर एखाद्या दिवशी मन फिरेल. एकदाच बांधून टाकलेलं बरं."

चार दिवस ती व्याख्यानाला उड्या मारत गेली. मी खाखरा भाजायला बसले की दाराआडून म्हणायची, "तुमचा खाखरा मला उपाश्रयात ऐकू येतो. वास नाही हं, ऐकू येतो." पाचव्या दिवशी पित्ताच्या उलट्या सुरू झाल्या. सहाव्या संध्याकाळी मी उपाश्रयात गेले. मम्मी भिंतीशी लोकरीच्या कटासण्यावर बसल्या होत्या.

"शाता आहे ना तिला? बरी आहे ना?"

"उलट्या होतायत, मम्मी. डोळे आत गेलेत."

"सहाव्याला होतंच. मलाही व्हायच्या. पाय दाबून दे. आता दोनच राहिले."

मला अजून बोलायचं होतं. पण आजूबाजूला सगळ्या जपमाळ घेऊन बसलेल्या. मी वंदन करून परत आले.

सातव्या दिवशी सकाळी साडेसहाला विरती म्हणाली, "भाभी, थोडं पाणी द्या ना."

या उपवासात पाणी पोरसीनंतर. पोरसी म्हणजे दिवसाचा पहिला प्रहर संपतो ती वेळ. स्वयंपाकघराच्या भिंतीवर छापील तक्ता चिकटवलेला होता, त्यात त्या दिवसाची पोरसी नऊ अठ्ठावीस होती. आदल्या दिवशी उकळलेलं संपलं होतं, मी पहाटे नवीन उकळून परातीत गार करत ठेवलं होतं. विरतीच्या खाटेवरून ती परात दिसत होती.

"पोरसीला देते हं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

सातला तिने विचारलं, किती वाजले. सव्वासातला पुन्हा पाणी मागितलं. आठला पुन्हा. मी ओला रुमाल ओठांना लावायला घेतला आणि थेंब आत गेला तर, म्हणून पिळून पिळून कोरडा केला. पाय दाबत बसले. शेवटच्या वेळी तिने मागितलं ते मला नाही. ती म्हणाली, "मम्मी, पाणी." नऊ वाजून पाच मिनिटांनी तिचा हात माझ्या हातातून सैल सुटला. पोरसीला तेवीस मिनिटं होती.

डॉक्टर म्हणाले, अंगातले क्षार फार उतरले होते, हृदयावर आलं. सकाळच्या त्या भांडंभर पाण्याने वाचली असती असं नाही, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. भाविक मला तेच सांगत राहिला. मी मान हलवत राहिले. त्याला तरी कुठे माहीत होतं सगळं.

यंदा चातुर्मासाला आमच्या उपाश्रयात निर्वेदश्रीजी नावाच्या साध्वी आल्या. दुपारी बायकांना सूत्रांचे अर्थ सांगायच्या. मी ढिंगलीला मांडीवर घेऊन दारापाशी बसायचे, रडली की उठून बाहेर जाता यावं म्हणून. श्रावणातल्या एका दुपारी त्यांनी विचारलं, "रोज हात जोडून पच्चक्खाण घेता. त्यातलं कुणाला काय कळतं?"

हंसाकाकी म्हणाल्या, "साहेबजी, कळलं असतं तर घेतलं असतं का?"

सगळ्या हसल्या. साध्वीजीही हसल्या. मग त्यांनी एकेक शब्द सोडवून सांगितला. म्हणाल्या, नियमाला भिंती आहेत तशी दारंही ठेवली आहेत. विसरून तोंडात काही गेलं, नियम मोडत नाही. पावसाचा थेंब उडून गेला, मोडत नाही. मोठ्यांनी थांबवलं, मोडत नाही. आणि शेवटचा तो लांबलचक शब्द तुम्ही सगळ्या एका श्वासात उरकता ना, ते सगळ्यात मोठं दार. दुखणं बळावलं, जीव कासावीस झाला, मनाची समाधी ढळायला लागली, तर औषध द्या, पाणी द्या. नियम तसाच राहतो.

मी विचारलं, "पोरसीआधी?"

"पोरसीआधी."

"पाणीसुद्धा?"

"पाणीच तर आधी," त्या म्हणाल्या.

तो शब्द मला सहाव्या वर्षापासून पाठ आहे. पाठशाळेत न अडखळता म्हटला म्हणून मला कंपासपेटी मिळाली होती. विरतीलाही पाठ होता. मम्मींना होता. त्या खोलीतल्या चाळीस जणींना होता.

सगळ्या उठून गेल्यावर मी साध्वीजींना सांगितलं. सगळं सांगितलं, रुमाल पिळला तेही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रायश्चित्त मी देईन. क्षमा माझ्याकडे नाही. ज्यांच्याशी खोटं बोललीस त्यांच्याकडे आहे."

"साहेबजी, मम्मींकडे तेवढंच उरलंय. ती शांतपणे गेली, एवढंच."

"माहीत आहे."

"सांगितलं तर तेही जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता काहीतरी सोपं सांगतील. त्या म्हणाल्या, "पाण्यात काढलेली रेघ लगेच मिटते. वाळूतली वाऱ्याने. सुकल्या तळ्याला पडलेली भेग वर्षाने पाऊस आला की भरते. वर्ष उलटूनही राहिली तर ती दगडातली भेग. संवत्सरी एवढ्याचसाठी येते, बेटा."

पर्युषण बसलं त्या दिवशी मम्मी उपाश्रयातून आल्या आणि म्हणाल्या, आठचं पच्चक्खाण घेऊन आले. एकदम. विरतीसारखं. छप्पन्न वर्षांच्या आहेत त्या, रक्तदाबाची गोळी रोज लागते. भाविक फोनवर ओरडायच्या बेतात आला. "तुला नाही जमणार, मम्मी."

"तुझ्या बहिणीला जमलं."

"ती गेली, मम्मी."

"कशी गेली ते पण बघ."

फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि ढिंगलीचं तेल कोमट करायला गेल्या. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी रोज सकाळी ठरवत होते आणि रोज बाळाचं काही ना काही निघत होतं, दात, सर्दी, झोप. बाळ ही फार चांगली सबब असते. पाचव्या दिवशी महावीरांच्या जन्मवाचनाला सगळ्यांनी एकमेकींच्या पाठीवर केशराचे हात उठवले. मम्मी माझ्यासमोर पाठ करून उभ्या राहिल्या. पोलक्याखाली हाडं लागत होती. मी हळूच हात टेकवला तर म्हणाल्या, "दाब की नीट. उमटू दे." सातव्या दिवशी त्या जिन्यात दोनदा बसल्या. मी म्हटलं, डॉक्टरला बोलावते. त्या म्हणाल्या, "विरतीने बोलावला होता?"

संवत्सरीची सकाळ. ढिंगलीला पाजून निजवलं आणि मम्मींच्या खोलीत गेले तर त्या पलंगाच्या कडेला बसून होत्या, एका हाताने पलंगाचा दांडा धरून. ओठ राखेसारखे. मला बघून उठायला गेल्या आणि तशाच खाली बसल्या. हात धरला तर गार. मी धावत जाऊन भांडं भरून आणलं.

"हे काय?"

"पाणी."

"किती वाजले?"

"साडेसहा."

"पोरसी?"

"नऊ सव्वीस."

"मग घेऊन जा ते." श्वास घेऊन म्हणाल्या, "माझ्या सतरा वर्षांच्या लेकीने मागितलं नाही, आणि मी पिऊ?"

"तिने मागितलं होतं, मम्मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी पुन्हा म्हटलं. मग थांबता आलं नाही. मी नियमातल्या दाराचं सांगितलं, त्या लांब शब्दाचं, दुखण्यात पाणी दिलं तर उपवास मोडत नाही ते, आपल्याला सगळ्यांना पाठ होतं आणि एकीलाही ठाऊक नव्हतं ते. म्हटलं, "तुमच्याशी खोटं बोलले मी."

मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती? तिच्या शब्दांत सांग."

"भाभी, थोडं पाणी द्या ना."

"मग?"

"मी म्हटलं पोरसीला देते. ती हो म्हणाली."

"हो म्हणाली?"

"हो."

"भांडली नाही?"

"नाही."

"किती वेळा मागितलं?"

"चार."

"चारही वेळा तुझ्याकडे?"

इथे मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं, आणि ती दयाच ठरली असती. मी म्हटलं, "शेवटच्या वेळी तुमच्याकडे. मम्मी, पाणी, असं म्हणाली."

त्यांनी दांडा सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पलीकडच्या खोलीत ढिंगली जागी होऊन आपल्याशीच काहीतरी बोलत होती.

"सहाव्या दिवशी तू आली होतीस मला सांगायला," मम्मी म्हणाल्या. "उलट्या होतायत म्हणून."

"हो."

"मी काय म्हटलं?"

मी भांडं या हातातून त्या हातात घेतलं.

"विचारतेय मी."

"पाय दाबून दे म्हणालात. दोनच राहिले म्हणालात."

त्यांनी हात पुढे केला. मी भांडं दिलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू सगळं पाणी प्यायल्या, मधे न थांबता. मग नेहमीसारखं पदराने आतून कोरडं पुसलं, थेंब राहून त्यात जीव पडू नये म्हणून. पुसून झालं तरी पुसत होत्या.

"मला दिलंस," त्या म्हणाल्या. "तिला का नाही दिलंस?"

आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं, "तिचा उपवास मोडेल असं वाटलं."

"उपवास," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

आठला हंसाकाकी शाता विचारायला आल्या. मम्मी तशाच पडून म्हणाल्या, "हंसा, विरतीने पाणी मागितलं होतं. चारदा."

हंसाकाकींनी माझ्याकडे पाहिलं, मग मम्मींकडे. इतकं तोंड चालणारी बाई, पण पलंगाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तहान लागते हो, मधुबेन. पोर होती." आणि मम्मींच्या पायावर हात ठेवून बसून राहिल्या. तेव्हा मम्मी रडल्या. वर्षात पहिल्यांदा. मी बाहेर आले, त्या रडण्यात मला जागा नव्हती.

दुपारपर्यंत पाड्यात कळलं होतं. संवत्सरीचं मोठं प्रतिक्रमण, सगळ्यांनी मिळून क्षमा मागायचा विधी, तीन तास चालतं. अंगावरचं मूल असलेलीला आत बसता येत नाही, म्हणून मी ढिंगलीला घेऊन उपाश्रयाच्या पायरीवर बसले. मम्मी आधी हंसाकाकींच्या हाताला धरून आत गेल्या होत्या. आतून शेकडो बायकांचा एकसुरी आवाज येत होता, मधेच सगळ्या एकदम उठायच्या, एकदम बसायच्या, आणि फरशीवर गुडघे टेकल्याचा आवाज यायचा. वर्षभरात दुखावलेल्या सगळ्या जिवांची क्षमा. जमिनीतले, पाण्यातले, वाऱ्यातले. मी ढिंगलीच्या टाळूवर हनुवटी टेकवून ऐकत होते. तिला तहान लागली की ती रडते. तिला अजून दुसरं काही येत नाही.

संपल्यावर बायका एकमेकींची क्षमा मागत बाहेर पडल्या. मिच्छामि दुक्कडम्, मिच्छामि दुक्कडम्. काहीजणी चपला शोधता शोधताच म्हणत होत्या. माझ्यापाशी येऊन दोघीतिघींचे हात अर्ध्यावर राहिले आणि त्या बाजूने निघून गेल्या. एक म्हणाली, "एवढ्या दिवसांनी बोलायचं होतं काय," कुणाला ते न सांगता. हंसाकाकी आल्या. "वहू, वर्षभर तुझ्या ढिंगलीला काळी काळी म्हटलं. मिच्छामि दुक्कडम्." मग वाकून तिचा गाल ओढत म्हणाल्या, "आहेच पण काळी."

मम्मी सगळ्यात शेवटी आल्या. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी ढिंगलीला हंसाकाकींकडे दिलं आणि वाकून हात जोडले. कळत नकळत वगैरे म्हणतात ते म्हटलं नाही. म्हटलं, "त्या सकाळचं, मम्मी. आणि नंतर खोटं बोलले त्याचं. मिच्छामि दुक्कडम्."

त्यांनी हात जोडले नाहीत. आजूबाजूला बायका थांबल्या होत्या.

"आत तीनशेजणींना म्हणून आले," त्या म्हणाल्या. "तोंडाने तुलाही म्हणता येईल. म्हणून टाकू?"

"नको."

"मग आज नाही म्हणत."

"साहेबजी म्हणतात, आज उलटलं की दगडातली भेग होते."

"होऊ दे झाली तर. पण मला खोटं बोलायला लावू नकोस." मग म्हणाल्या, "मला स्वतःलाही म्हणायचंय ते. तेही आलं नाही तोंडातून. तीन तास बसले होते."

मी सरळ उभी राहिले. काय करायचं ते मला कळेना. उन्हं उतरली होती, पाड्याच्या तोंडाशी म्हशी परतत होत्या. मम्मींनी घराच्या दिशेने एक पाऊल टाकलं आणि त्यांचा तोल गेला. मी पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे न बघता हात माझ्या खांद्यावर ठेवला, पूर्ण भार टाकून, बोटं रुतवून. त्या आठ दिवसांच्या उपाशी होत्या आणि मीच जवळ होते, त्यामुळे असेल. हंसाकाकी ढिंगलीला घेऊन पुढे चालत होत्या. आम्ही दोघी त्यांच्यामागून, दर चार पावलांवर थांबत, घरी गेलो.